हाताची नक्कल

संपाच्या नवव्या दिवशी दस्तगीर मुजावर मांडवात आला, तेव्हा त्याच्या मागून दोघं जण गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड उचलून आणत होते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत ‘समरेखा मशीन टूल्स’च्या गेटसमोर हा मांडव घातला होता. दस्तगीर संघटनेचा सरचिटणीस, त्यामुळं रोज सकाळी सातला हजर असायचा. आज दहा वाजून गेले होते. त्यानं टेबलावरचे चहाचे ग्लास बाजूला सारले आणि गोणपाट सोडलं. आत बिडाचा हातभर लांबीचा ठोकळा होता. त्याच्या एका बाजूवर माशाच्या खवल्यांसारख्या हजारो बारीक खुणा चमकत होत्या.

“आफ्रिकेतनं आलाय,” दस्तगीर म्हणाला. “इथिओपियात कंपनीनं नवा कारखाना टाकलाय, तिथला पहिला माल. पुण्याच्या गिऱ्हाइकाकडं उतरला. तिथल्या आपल्या माणसानं एक दिवसापुरता धाडलाय. आपलं काम उचलून तिकडं नेलं म्हणून आपण हितं बसलोय न्हवं? मग बघा कसं काम होतंय ते. तीन आठवडे शिकलेल्या पोरींनी केलंय.”

ठोकळ्याभोवती गर्दी झाली. कुणी बोट फिरवलं, कुणी नुसताच श्वास सोडला. काम नंबर एक होतं.

“म्हंजे कुणीतरी हात दिला,” दस्तगीर म्हणाला. “आपल्यातल्यानंच. सुकुमार, पुढं ये. हात कुणाचा ते तूच सांगशील.”

सुकुमार मगदूम उठला. वय त्रेपन्न, त्यातली एकतीस वर्षं स्क्रेपिंग खात्यात. खात्यातले एकशे चाळीस लोक त्याला अण्णा म्हणत. दस्तगीर तेवढा नावानं हाक मारी, कारण दोघं एकाच दिवशी कामाला लागले होते. सुकुमारनं चष्मा लावला आणि ठोकळा उजेडाकडं तिरका केला. खरं तर त्याची गरज नव्हती. गोणपाट सुटलं तेव्हाच, चार हातांवरून, त्याला कळलं होतं.

तो हात त्याचाच होता.

*

समरेखामध्ये यंत्रं बनवणारी यंत्रं तयार होत. अशा यंत्राचा भाग ज्या पट्ट्यांवरून मागंपुढं सरकतो, त्या पट्ट्या विलक्षण सपाट लागतात. माणसाच्या केसाच्या जाडीचे पस्तीस भाग केले, तर त्यातला एक भाग एवढाच उंचसखलपणा चालतो. ग्राइंडिंगच्या यंत्राला हे साधत नाही. घासताना बीड तापतं, तापलं की फुगतं आणि गार झालं की पुन्हा वाकडं होतं. म्हणून शेवटचं काम माणसाकडं येतं. कारागीर एका प्रमाण प्लेटला निळा रंग लावून त्यावर पट्टी टेकवतो. जिथं उंचवटा असेल तिथं निळा ठिपका उठतो. मग लांब दांड्याचा स्क्रेपर घेऊन तो ठिपका अलगद खरवडायचा. पुन्हा निळा, पुन्हा खरवड, असं दोन-दोन, चार-चार दिवस. किती दाबायचं हे डोळ्यांना दिसत नाही. पात्याच्या आवाजावरून आणि तळहातातल्या थरथरीवरून ते कळतं, आणि कळायला दहा-बारा वर्षं जातात.

ही दहा-बारा वर्षं बाहीनं खाल्ली. तिला कंपनीनं लांबलचक नाव दिलं होतं, पण कामगार तिला बाहीच म्हणत. मनगटापासून खांद्यावरून मानेपर्यंत जाणारं घट्ट कापड आणि आतल्या बाजूनं शिवलेल्या टिकलीएवढ्या चारशे चकत्या. स्नायू आखडतो तेव्हा त्यात बारीकशी वीज खेळते, ती या चकत्या टिपतात. अशी शंभरेक तासांची टिपणं जमली की संगणक त्यातून एक ‘हात’ तयार करतो. कुठल्या आवाजाला आणि कुठल्या थरथरीला कुठला स्नायू किती आखडला, याचा तो पुरा हिशेब असतो. नंतर ती बाही नवख्या माणसाला घातली की उलटा खेळ सुरू होतो. चकत्या त्याच्या स्नायूंना हलके झटके देतात, आणि ज्यानं जन्मात स्क्रेपर धरला नाही त्याचा हात उस्तादासारखा चालू लागतो.

दोन वर्षांपूर्वी बाही पहिल्यांदा कारखान्यात आली, तेव्हाच संघटनेनं ठराव केला होता की ती कुणीही घालायची नाही. एकदा हात बाहेर गेला की त्याच्यामागून काम जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. ठराव एकमतानं पास झाला. टाळ्या बराच वेळ वाजल्या.

ठराव मांडला होता सुकुमार मगदूमनं.

*

अकरा वर्षांपूर्वी क्रेनवरून सुटलेला बिडाचा तुकडा त्याच्या उजव्या खांद्याला चाटून गेला होता. हाड जुळलं, पण थंडीच्या दिवसांत खांदा धरायचा. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी तो कंपनीच्या दवाखान्यात शेक घ्यायला जायचा. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर डॉक्टर सबनीस बाईंची प्रयोगशाळा होती. पंचेचाळिशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. एकदा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “मगदूमसाहेब, तुमचं काम मी लांबून बघते. पाच मिनिटं वर याल का? नुसतं बघायला.”

तो गेला. बाहीनं काय होतं हे त्याला माहीत होतं, तरी गेला. बाईंनी त्याच्या दंडाला चार चकत्या लावल्या, हातात स्क्रेपर दिला आणि नंतर पडद्यावर दोन रेषा दाखवल्या.

“ही एका चांगल्या कारागिराची. आणि ही तुमची. बघा, पातं ठिपक्यावर पोचायच्या आधीच तुमचा हात ढिला पडतो. सेकंदाचा पन्नासावा भाग आधी. पुढं काय येणार आहे ते तुमच्या हाताला आधी ऐकू येतं. मी जर्मनीत बघितलेत, जपानमध्ये बघितलेत. असं कुठं नाही बघितलं.”

सुकुमार त्या रेषेकडं बघत राहिला. एकतीस वर्षं तो ठोकळे पास करत आला होता. साहेब लोक पास की नापास एवढंच विचारायचे. बायको पद्मावतीला त्याच्या कामातलं निळ्या पडलेल्या नखांपलीकडं काही ठाऊक नव्हतं. खात्यातली माणसं मान द्यायची, पण मान निराळा आणि असं कुणी उलगडून सांगणं निराळं. शुक्रवारी तो शेक न घेताच वर गेला.

पुढं सात महिने तो जात राहिला. बाई दर वेळी नवीन काहीतरी शोधून दाखवायच्या. कधी त्याचा अंगठा, कधी श्वास. “तुम्ही गेल्यावर हे सगळं जाणार, मगदूमसाहेब. जतन नको का करायला?” जतन हा शब्द त्याला फार आवडला. सहीचा कागद मराठीत होता. ‘अन्य ठिकाणी उत्पादनासाठी वापर’ असे शब्द त्यात होते आणि ते त्यानं वाचले होते. पुढं कधीतरी ‘मला फसवलं’ म्हणायची सोयही त्यानं ठेवली नव्हती. पैसे देऊ केले होते, ते त्यानं नको म्हटले. घेतले असते तर विकल्यासारखं झालं असतं, आणि आपण काही विकत नाही आहोत हे त्याला स्वतःला पटवायचं होतं.

त्यानंतर पाच महिन्यांनी गेटवर नोटीस लागली. स्क्रेपिंग खातं बंद. काम परदेशातल्या शाखेकडं.

*

“बोल की रं,” दस्तगीर म्हणाला.

सुकुमार ठोकळ्यावर वाकला. प्रत्येक खुणेच्या शेवटी गळासारखा वळलेला, केसाएवढा बारीक आकडा होता. पातं उचलताना त्याचा खांदा किंचित झटकायचा, त्याचा तो आकडा. जगात दुसऱ्या कुणाच्या कामात तो नव्हता.

मागून म्हातारा गणपा वड्ड म्हणाला, “ह्यो तर मगदूम घराण्याचा हात हाय. अर्धा चंद्र, डावीकडं कललेला. अण्णांचा न्हाईतर अण्णांच्या शिष्येचा.”

“अण्णांचा कसा आसंल?” कुणीतरी हसून म्हणालं. “ठराव कुणी मांडला?”

मग हळूहळू सगळ्यांच्या माना एका बाजूला वळल्या. हर्षदा कोळेकर मांडवाच्या खांबाशी उभी होती. छत्तीस वर्षांची, कवठेमहांकाळकडची. स्क्रेपिंग खात्यात आलेली पहिली बाई. आठ वर्षं सुकुमारनं तिला हाताखाली शिकवलं होतं, आणि तिच्या खुणा त्याच्यासारख्या पडत हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त तो आकडा तिच्यात नव्हता. पण आकडा बघायला नजर लागते, आणि ती नजर त्या मांडवात दोघांनाच होती.

“ही दवाखान्याच्या इमारतीत जाताना मी बघितलीय,” एक जण म्हणाला.

“अंगठ्याला टाके पडलेते,” हर्षदा म्हणाली. “मी बाही घातली नाही.”

“सुकुमार,” दस्तगीरनं विचारलं, “तुझ्या हाताखाली तयार झालीय. तू सांग. तिचा हात हाय का?”

सुकुमारला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला. “सांगता येत नाही,” तो म्हणाला. “आमचे दोघांचे हात सारखेच पडतात.”

यातला एकही शब्द धड खोटा नव्हता. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला. हर्षदा पुढं आली, ठोकळ्यावरून एकदा बोट फिरवलं, त्याच्याकडं बघितलं आणि परत खांबाशी जाऊन बसली.

*

तिला कुणी मांडवातून हाकललं नाही. फक्त तिच्या आजूबाजूची सतरंजी रिकामी झाली. चहा फिरायचा तो तिला वगळून फिरायचा. घोषणा देताना ती हात वर करायची तेव्हा शेजारचे गप्प बसायचे. एकदा तिच्या मोपेडच्या सीटवर कुणीतरी काळं ऑइल ओतलं. तिनं ते वर्तमानपत्रानं पुसलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वेळेवर आली. तिचं रोज येणंच सुकुमारला सहन होईना. ती आली नसती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं, आणि मग आपल्याला असं वाटतं याची शरम वाटायची.

घरी पद्मावतीनं ताट वाढलं आणि समोर बसली. “मंडईत हर्षदाची आई भेटली होती. रडत होती बिचारी. पोरीला वाळीत टाकलंय म्हणे. तुम्ही सांगा की त्यांना. तुमचं ऐकतील सगळे.”

“बघतो.”

“बघतो काय? आपल्या घरी येऊन पोळ्या लाटलेली पोर ती. तिनं असं केलं असेल असं वाटतं तुम्हाला?”

“नाही वाटत.”

“मग?”

त्यानं भाजी वाढून घेतली. त्याला नको होती, पण हाताला काहीतरी काम हवं होतं.

*

संपाच्या बत्तिसाव्या दिवशी सबनीस बाईंचा फोन आला. “तिकडं काही अडचण आहे. माल नापास होतोय. तुमच्याशी दहा मिनिटं बोलायचंय त्यांना. कुणाला कळणार नाही.” नाही म्हणता आलं असतं. पण तो नाही म्हणाला तर बाई नाव फोडतील अशी भीती होती. आणि खोल कुठंतरी, हे तर त्याला कबूल करायलाही नको वाटायचं, तिकडं आपल्या हाताचं काय झालंय ते बघायची ओढही होती.

विश्रामबागेतल्या एका ऑफिसात बाईंनी पडदा लावला. पडद्यावर पंचविशीची एक सावळी, उंच मुलगी आली. नाव अल्माझ. ती तिच्या भाषेत बोलत होती आणि यंत्र ते पुस्तकी मराठीत सांगत होतं.

“नमस्कार, गुरुजी. आपला हात मी गेले चार महिने धारण करीत आहे. आपणास प्रत्यक्ष पाहून आनंद झाला. येथे आम्ही चाळीस जणी आहोत. आम्हाला आपले नाव सांगितलेले नाही. आम्ही आपणास ‘वडील’ असे म्हणतो.”

सुकुमारनं खाली बघितलं.

“आरंभी मला फार आश्चर्य वाटले,” ती सांगत होती. “माझा हात मला ठाऊक नसलेली गोष्ट करीत होता. हळूहळू मलाही आवाज ऐकू येऊ लागला. हे काम सुंदर आहे. मला एक विचारायचे आहे. खांद्याचे दुखणे किती वर्षांनी थांबते?”

“कुठल्या खांद्याचं?”

तिनं उजवा हात उचलायला सुरुवात केली. छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला. ओठ आवळून तिनं तो खाली घेतला. “याच्यापुढे जात नाही. माझी मुलगी दोन वर्षांची आहे, तिला मी डाव्या हाताने उचलते. आम्हा चाळीस जणींपैकी एकोणीस जणींना असेच आहे. व्यवस्थापक म्हणतात, आम्ही कमकुवत आहोत. मी विचार केला, गुरुजींनाही आरंभी दुखले असेल. त्यांनी ते कसे सोसले, हे त्यांनाच विचारावे.”

सुकुमारनं आपला उजवा खांदा चाचपला. अकरा वर्षं त्याचं शरीर मोडक्या खांद्याला सांभाळत आलं होतं. पातं उचलताना तो झटका देऊन हाड जागेवर बसवायचा. ते त्याचं त्याला कळतही नव्हतं. बाहीनं तेही इमानानं टिपलं होतं, आणि आता दिवसातून पाच-सहा हजार वेळा धडधाकट खांद्यांना तो झटका बसत होता.

“तुम्हाला माहीत होतं,” तो सबनीस बाईंना म्हणाला.

बाईंनी पडद्याचा आवाज बंद केला. “दोन महिन्यांपूर्वी लक्षात आलं. तेवढाच भाग काढून टाकायला बघितला. पण तो सगळ्यात मिसळलाय, मगदूमसाहेब. तो काढला की अचूकपणा जातो. मी वर लिहून कळवलं होतं.”

“मग?”

“त्यांनी सांगितलं, चालू ठेवा. तोवर दुसरा हात शोधा.” त्या त्याच्याकडं न बघता म्हणाल्या, “मलाही झोप येत नाही.”

पडद्यावर अल्माझ अजून वाट बघत होती. त्यानं आवाज सुरू करायला लावला. “पोरी,” तो म्हणाला, “ती बाही पुन्हा घालू नकोस. मैत्रिणींनाही सांग. दुखणं तुझं नाही, माझं आहे. ते थांबत नसतं.”

*

तिथून तो घरी गेला नाही. घरी गेलो तर पुन्हा बाहेर पडणार नाही, हे त्याला माहीत होतं. रिक्षा करून तो थेट मांडवात आला. चारची सभा चालू होती. दस्तगीर माईकवर बोलत होता. सुकुमार समोर जाऊन उभा राहिला, तेव्हा दस्तगीरला वाटलं याला बोलायचंय, म्हणून त्यानं माईक पुढं केला. सुकुमारनं तो घेतला नाही.

“हात माझा आहे,” तो म्हणाला.

मागच्यांना ऐकू गेलं नाही. “काय म्हणाले?” असं कुणीतरी विचारलं. मग त्याला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं.

“ठोकळ्यावरचा हात माझा आहे. सात महिने मी बाही घालत होतो. हर्षदाचा काही संबंध नाही. मला त्या दिवशी ठोकळा बघताक्षणी कळलं होतं.”

आणि मग त्यानं अल्माझचं सांगितलं. एकोणीस खांद्यांचं सांगितलं. दवाखान्यात आपल्या खांद्याचे अकरा वर्षांचे कागद आहेत, कंपनीला ते माहीत होतं, हात कुणाचा हे सिद्ध झालं तरच ते कागद कोर्टात उभे राहतील, हेही सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं की आता कुणीतरी मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. गणपा वड्ड नुसता उठला आणि त्याच्याकडं पाठ करून बसला. त्याच्यामागून आणखी आठ-दहा जण तसेच वळले.

दस्तगीर खुर्चीवर बसला होता. “ठराव तू मांडलावतास, सुकुमार,” तो म्हणाला. बराच वेळ तो तेवढंच म्हणत राहिला.

मग तो हर्षदाकडं वळला. “पोरी, आमचं चुकलं.”

“मला नवव्या दिवशीच कळलं होतं,” हर्षदा म्हणाली. “आठ वर्षं ज्या हाताकडं बघून शिकले, तो मला ओळखू येणार नाही?”

“मग बोलली का न्हाईस गं? तेवीस दिवस?”

“वाटलं, अण्णा बोलतील.” तिनं सुकुमारकडं बघितलं नाही. “रोज सकाळी गाडीला किक मारताना वाटायचं, आज बोलतील.”

कुणीतरी लगबगीनं तिच्यापुढं चहा धरला. तिनं घेतला नाही.

*

पुढचं सगळं कोर्टात झालं. सुकुमार सहा तारखांना साक्षीला उभा राहिला. सदरा काढून खांदा दाखवला. कंपनीच्या वकिलानं त्याला विचारलं, “म्हणजे तुम्ही आपल्या सहकाऱ्यांना बारा महिने फसवत होता?” तो हो म्हणाला. “आणि आज खरं बोलता, हे आम्ही कशावरून मानायचं?” सबनीस बाईंनी नोकरी सोडून त्यांचं पत्र कोर्टापुढं ठेवलं, तेव्हा कुठं पारडं फिरलं. जखमी शरीरावरून घेतलेला तो हात काढून टाकावा, चाळीसही जणींचे उपचार कंपनीनं करावेत, असा निकाल झाला.

हात नाही म्हटल्यावर तिकडचं काम थांबलं आणि कंपनी बोलणी करायला आली. एकशे एकसष्टाव्या दिवशी संप मिटला. एकशे चाळीसपैकी नव्वद जण आत गेले. पन्नासांना जाता आलं नाही, त्यात गणपा वड्ड होता. संघटनेनं सुकुमारला काढून टाकलं आणि कंपनीनंही. दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका बाबतीत. दस्तगीर रस्त्यात दिसला की मान हलवायचा, पण थांबायचा नाही.

कंपनी दुसरा हात शोधत होती, ही बातमी त्याच्यापर्यंत आली होती. त्यामुळं दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी हर्षदा दारात उभी राहिली, तेव्हा ती कशासाठी आली हे त्याला अर्धंमुर्धं कळलं. पद्मावतीनं तिला हाताला धरून आत आणलं आणि चहा टाकायला गेली.

हर्षदा खुर्चीच्या कडेवर बसली. “मला बोलावलं होतं त्यांनी,” ती म्हणाली. “नव्या बाई आल्यात. खात्यात आता सगळ्यात चांगला हात माझा आहे म्हणाल्या. खांदे धड आहेत, वय आहे. पगार दुप्पट.”

“काय म्हणालीस?”

“नाही म्हणाले. ते सोडा. मी दुसरं विचारायला आले.” तिनं त्याच्याकडं बघितलं. “तुम्ही पैसे घेतले नाहीत. कोर्टात सिद्ध झालं ते. मला तेच कळत नाही, अण्णा. पैसे घेतले असते तर मला समजलं असतं. मग घेतलंत काय?”

इतक्या महिन्यांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. वकिलांनी नाही, दस्तगीरनं नाही. खोटं बोलावं असं त्याला क्षणभर फार वाटलं. जतन म्हणावं, कला म्हणावं.

“त्या बाई मला दर वेळी चांगलं म्हणायच्या,” तो म्हणाला. “ते ऐकायला जात होतो.”

स्वयंपाकघरातून कपबशांचा आवाज येत होता.

“मी आठ वर्षं तुमच्या हाताखाली होते,” हर्षदा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “रोज संध्याकाळी माझी पट्टी घेऊन तुमच्याकडं यायचे. तुम्ही बघायचा आणि ठेव म्हणायचा. चांगली झालीय असं एकदाही म्हणाला नाहीत. मलाही कुणी म्हणत नव्हतं, अण्णा. मी नाही गेले वर.”

ती उठली. तिनं वाकून नमस्कार केला नाही, रागानं दारही ओढलं नाही. चपला घातल्या, जिना उतरली. खाली मोपेड सुरू झाल्याचा आणि मग कोपऱ्यावर वळल्याचा आवाज आला.

पद्मावती तीन कप घेऊन बाहेर आली. “गेली?”

“गेली.” तो अजून त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होता. “फार चांगला हात आहे तिचा,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा चांगला. पाच वर्षांपूर्वीच झाला होता.”

पद्मावतीनं ट्रे खाली ठेवला.

“हे मला काय सांगताय?” ती म्हणाली.